मोजणी बरोबर आली होती

कुणाला नोकरी परीक्षा देऊन लागते, कुणाला ओळखीपाळखीनं, कुणाला निव्वळ नशिबानं. शिट्टीताईची नोकरी पक्की झाली ती एका चुकीपायी. चूकही अशीतशी नव्हे. एकोणीस वर्षं झाली त्याला. आज ती संस्थेची मुख्य आहे, तिच्या हाताखाली अकरा माणसं आहेत, केस निम्मे पांढरे झालेत. तरी नवा कार्यकर्ता रुजू झाला की पहिल्या दिवशी ती त्याला समोर बसवते आणि स्वतःची ही फजिती पहिल्यापासून सांगते. आमच्या-तुमच्यासारखी माणसं असली गोष्ट सात कुलपांत ठेवतील. ही बाई वेगळीच आहे.

संस्था म्हणजे काही राजवाडा नव्हे. एका जुन्या गोदामात चार खोल्या पाडलेल्या. एकीत टेबल-टेनिसचं टेबल, ज्याचा एक पाय विटेवर. दुसरीत पुस्तकं. तिसरीत दोन शिलाई मशीन आणि एक लाकूडकामाचा ओटा. चौथी कचेरी, तिचा दरवाजा उन्हाळ्यात उघडत नाही आणि थंडीत लागत नाही. शाळा सुटली की अकरा ते सतरा वयाची मुलं-मुली तिथं यायची, अभ्यास करायची, भांडायची, नाटक बसवायची, सायकल दुरुस्त करायला शिकायची. ज्यांच्या घरी संध्याकाळी कुणी नसतं अशीच बहुतेक.

शिट्टीताई आधी विमा कचेरीत होती. दहा ते सहा, पंख्याखाली खुर्ची, दर महिन्याला ठरल्या दिवशी पगार. फावल्या वेळात संस्थेत जायची, मुलांना खेळ शिकवायची. गळ्यात शिट्टी, म्हणून मुलांनी ते नाव ठेवलं. आणि एक दिवस तिनं घरी येऊन सांगितलं, "मी विम्याची नोकरी सोडली. संस्थेनं मला पूर्णवेळ घेतलंय."

तिचे बाबा शिंपी. शाळेचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायचं काम करायचे. आधी मापं, मग खडू, मग कात्री, असा जन्म गेलेला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"म्हणजे खेळायचा पगार मिळणार तुला?"

"खेळायचा नाही बाबा. हे काम आहे. ह्याचं शिक्षण असतं, ह्यात माणसं आयुष्य काढतात."

"समाजसेवा करावी, नाही कोण म्हणतं? पण ती पोट भरल्यावर. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या कशाला?"

"घरचं खाऊन कुठं? पगार देतायत ना."

"किती देतायत ते सांगू नकोस, मला रात्री झोप लागू दे."

आईनं मध्ये पडून तह घडवला. एक वर्ष. संस्थेतही पहिलं वर्ष उमेदवारीचंच असायचं, मग कार्यकारिणी बसून कायम करायचं की नाही ते ठरवायची. ताई कायम झाली तर बाबांनी पुन्हा अवाक्षर काढायचं नाही. नाही झाली, तर बाबा विमा कचेरीच्या साहेबांकडं स्वतः जातील आणि ताई मुकाट्यानं पंख्याखालच्या खुर्चीवर परत. साहेबांच्या मुलांचे गणवेश बाबांच्याच हातचे, त्यामुळं तो रस्ता खुला होता.

वर्षभर ताईनं जीव तोडून काम केलं. मुलांच्या घरी गेली, शाळांचे उंबरे झिजवले, शिबिरात स्वयंपाकी पळून गेला तर साठ जणांचं रांधलं. भात लागला, पण पोरांनी चाटूनपुसून खाल्ला. कार्यकारिणीची बैठक गुरुवारी होती. त्याच्या आधीच्या रविवारी सहल निघाली, शहराबाहेरच्या मत्स्यालयात.

तेहतीस मुलं होती. एरवी चौतीस असत आणि सगळ्यांच्या जोड्या लावलेल्या असत. आपल्या जोडीदारावर आपण नजर ठेवायची, हा संस्थेचा शिरस्ता. त्या दिवशी एक मुलगी तापानं आली नव्हती, म्हणून तिची जोडीदारीण एकटी पडली. ही एकटी पडलेली मुलगी बारा वर्षांची. पोरं तिला घुमी म्हणायची. ते नाव काही चांगलं नव्हतं, पण खोटंही नव्हतं. विचारलं तर मान हलवायची, नाही विचारलं तर तेवढंही नाही. सगळ्यांनी पिवळ्या टोप्या घातल्या होत्या, मुलं लांबून ओळखू यावीत म्हणून ताईनंच बाजारातून घाऊक आणलेल्या.

आता दुकानदार काय एकाच गिऱ्हाइकाला विकतो? मत्स्यालयात दुसऱ्या एका शाळेची मुलं आली होती, त्यांच्याही डोक्यावर त्याच टोप्या. बसगाड्याही एकाच मालकाच्या, निळ्या, शेजारी शेजारी उभ्या. ताईला ते बघून हसू आलं होतं. त्या शाळेच्या सरांना ती म्हणालीसुद्धा, "आपली पोरं बदलली तर कळायचंही नाही हो!" बोलाफुलाला गाठ पडते ती अशी.

परतीच्या वेळी सगळे बसमध्ये बसले. ताई मागून पुढं मोजत आली, प्रत्येकाच्या टोपीला बोट लावत, मोठ्यानं. एकतीस, बत्तीस, तेहतीस. तळहातावर सकाळी पेननं लिहिलेलं तेहतीस. जुळलं. तिनं शिट्टी फुंकली आणि ड्रायव्हरकाकांनी गाडी काढली.

गाणी झाली, केळी वाटून झाली. पंचवीसेक मिनिटं झाली असतील. खिडकीशी टोपी तोंडावर ओढून झोपलेली एक मुलगी जागी झाली, जाड भिंगांचा चष्मा सारखा करून तिनं सगळ्यांकडं पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही सगळे कोण आहात?"

पोरं फिसफिसून हसली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "आमचे सर कुठायत?"

हसणं थांबलं. ताईला आधी काही कळेना. एक मुलगी जास्त आहे, एवढंच तिच्या डोक्यात शिरलं, आणि मग त्याच्या पाठोपाठ दुसरं शिरलं. एक जास्त असून तेहतीस होतात, म्हणजे आपली एक कमी आहे. ती सीटांमधून धावत सुटली, एकेकीची टोपी काढून चेहरे बघत. घुमी नव्हती.

"काका, गाडी वळवा!"

काकांनी एक शब्द न विचारता गाडी वळवली. ते एवढंच म्हणाले, "धरून बसा सगळे." ताईनं मत्स्यालयाला फोन लावला, वाजत राहिला, कुणी उचलेना. चष्मेवालीला मांडीवर घेऊन ती समोरच्या रस्त्याकडं बघत बसली. आणि त्या पंचवीस मिनिटांत तिला एकच गोष्ट डाचत होती. संस्थेत एक बोलघेवडी पोरगी होती, पोपट म्हणायचे तिला. ती राहिली असती तर दोन मिनिटांत बस शांत वाटली असती, कुणीही म्हणालं असतं, अरे, पोपट कुठाय? घुमी नसल्याचं कुणाला जाणवलंच नाही. ताईलाही नाही. वर्षभर जिच्या घरी जाऊन आलो, जिला भागाकार शिकवला, ती मुलगी बसमध्ये नाही हे आपल्याला एका परक्या पोरीनं सांगावं? मी टोप्या मोजल्या, ताई मनाशी म्हणत राहिली, मी मुलं बघितलीच नाहीत.

घुमी सापडली. जिथं बस उभी होती बरोबर त्याच जागी, मत्स्यालयाच्या पायरीवर, गुडघे जवळ घेऊन बसलेली. हरवलात तर शेवटी जिथं एकत्र होतो तिथून हलायचं नाही, असं ताईनंच शिकवलेलं. शेजारी ते दुसरे सर, घामाघूम, तोंडचं पाणी पळालेलं. त्यांची एक मुलगी कमी भरल्यापासून ते आख्खं मत्स्यालय पालथं घालत होते. चष्मेवाली उतरून त्यांच्याकडं धावली.

घुमी स्वच्छतागृहात गेली होती आणि दाराची कडी अडकली होती. ती ओरडली नाही. ओरडायची तिला सवयच नव्हती. सफाईवाल्या मावशींना आतून खुडबुड ऐकू आली तेव्हा त्यांनी बाहेरून दार ढकलून उघडलं. बाहेर येते तर बस गेलेली. एकूण पंचावन्न मिनिटं ती बसशिवाय होती.

ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. घुमीनं विचारलं, "ताई, तुम्ही मोजलं नव्हतं?"

"मोजलं होतं गं. चुकीचं मोजलं. चूक माझी आहे, तुझी अजिबात नाही."

सर जवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "हे बघा, देवाच्या दयेनं दोन्ही मुली सुखरूप आहेत. आता गावभर कशाला करायचं? तुम्ही बोलू नका, मी बोलत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

खोटं कशाला बोला, ताईला मोह झाला. चार दिवसांवर बैठक होती. मुलांना सांगितलं असतं तर मुलांनी तिच्यासाठी तोंड शिवून घेतलं असतं, घुमीचा तर प्रश्नच नव्हता. पण संस्थेत एक नियम होता, थोरल्या बाईंनी घालून दिलेला. थोरल्या बाई म्हणजे तेव्हाच्या मुख्य. नियम चार शब्दांचा: आधी घर, मग कचेरी. मुलाला काहीही झालं, खरचटलं तरी, तर ज्याच्या हातून झालं त्यानं त्याच दिवशी स्वतःच्या पायानं मुलाच्या घरी जाऊन सांगायचं. कचेरीला नंतर. वर्षभरात ताईनं गुडघे फुटल्याचं, दात पडल्याचं सांगितलं होतं. आता हे सांगायचं होतं.

घुमीची आई इस्त्रीचं दुकान चालवायची. घराचीच पुढची खोली, मध्ये टेबल, भिंतीला कपड्यांचे गठ्ठे. घुमी आत गेली आणि ताईनं दारातच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, काही न लपवता, टोप्यांपासून कडीपर्यंत. आईचा हात सुरुवातीला चालत होता. मग तिनं इस्त्री उभी केली.

"किती वेळ?"

"पंचावन्न मिनिटं."

"आणि तुम्हाला कळलं कसं?"

"ती दुसरी मुलगी जागी झाली म्हणून."

"नसती जागी झाली तर?"

"तर इथं पोचल्यावर कळलं असतं."

ताईला वाटलं, आता ही शिव्या देईल, देऊ दे. पण आईनं दार लोटून घेतलं, बस्स. आतून कडी लागल्याचा आवाज आला.

थोरल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाल्या, "आता हे लिहून दे. आणि लिहिताना शब्द मऊ करू नकोस." एवढंच. पाठीवरून हात फिरवला नाही, की रागावल्याही नाहीत.

घरी ताईनं बाबांना सांगितलं. म्हटलं, एकदाच काय ते होऊन जाऊ दे.

बाबांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "कापड चुकीचं कापलं गेलं तर दुसरं आणता येतं."

"माहीत आहे बाबा."

"सांगून आलीस त्यांच्या घरी?"

"हो."

"एकटी गेलीस?"

"हो."

बाबांनी आईला हाक मारली, "अगं, हिला जेवायला वाढ. सकाळपासून केळ्यावर असेल पोरगी." साहेबांना भेटायचं त्यांनी त्या आठवड्यात नावही काढलं नाही. पण ताईनं मनाची तयारी केली होती. कपाटातून कचेरीत नेसायच्या दोन साड्या काढून तिनं उन्हात घातल्या.

बातमी व्हायची ती झालीच. बुधवारपर्यंत दोन पालकांनी मुलांची नावं काढून घेतली. घुमीही सोमवारपासून आली नाही.

गुरुवारी कार्यकारिणी बसली. पाच माणसं, लांब टेबल, चहाचे कप. खजिनदार म्हणजे पूर्वी एका गिरणीत हजेरी सांभाळलेले गृहस्थ, आकड्याला पक्के. त्यांच्या मनात ताईबद्दल आकस नव्हता, पण ते म्हणाले, "बत्तीस आपली आणि एक परकी, ह्याला तेहतीस म्हणत नाहीत. ही मुलगी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, सगळं मान्य. पण लोक आपल्याकडं पोटची पोरं सोडतात. मी हिला कायम करा असं म्हणू शकत नाही."

दोघांनी माना डोलावल्या. थोरल्या बाई काही बोलल्या नाहीत. अशा वेळी मुख्य व्यक्तीनं तोंड घातलं की ते वशिल्यासारखं दिसतं. ताई खाली बघत होती. खजिनदारांचं बोलणं तिला पटतच होतं, हे तर त्याहून वाईट होतं.

तेवढ्यात तो कधी धड न उघडणारा दरवाजा धक्क्यानं उघडला. घुमीची आई आत आली, एका हाताला घुमी. भर दुपारी दुकान बंद करून आली होती.

"मला बोलायचंय," ती म्हणाली. कुणी बसा म्हणायच्या आतच तिनं सुरू केलं. "त्या दिवशी मी ह्या ताईंच्या तोंडावर दार लावलं. बोलले असते तर वाईटसाईट बोलले असते. चार दिवस झाले, अजून राग गेलेला नाही. खोटं कशाला सांगू?"

ताईनं मान वर केली नाही.

"पण माझी पोर ह्याच्या आधीही एकदा अशीच राहून गेली होती. शाळेत. वर्गाला कुलूप लावून सगळे घरी गेले, ही आत. मी शोधत गेले तेव्हा सापडली. दुसऱ्या दिवशी मलाच विचारलं, तुमच्या मुलीला तोंड नाही का? आवाज का नाही दिला? तिच्या जन्मात लोकांनी तिला बऱ्याच ठिकाणी विसरलंय. हिच्या बापासकट. चूक माझी आहे असं सांगायला माझ्या दारात आजवर कुणी आलं नव्हतं. ह्या आल्या. आणि घरी आल्यावर पोरगी मला पहिलं वाक्य काय बोलली माहितीय? आई, ताई म्हणाल्या, माझी चूक नाहीये."

खजिनदारांनी घसा साफ केला. "अहो, तुमचं मन मोठं आहे. पण पुढच्या वेळेचं काय?"

"मन मोठंबिठं काही नाही. मी व्यवहाराचं बोलतेय. माझ्याकडं कामाला एक बाई आहे, तिनं पहिल्या महिन्यात एक भारी शर्ट जाळला. सहा वर्षांत दुसरा नाही जाळला. दुधानं तोंड पोळलेली माणसं ताकसुद्धा फुंकून पितात हो. ह्या ताई आता झोपेतही पोरं मोजतील. तुम्ही ह्यांना काढून कुणी नवी आणाल, तिचं तोंड अजून पोळायचंय. ते माझ्या पोरीवर पोळायला नको. पुढच्या सहलीचा तो सहीचा कागद असतो ना, तो द्या. आत्ताच सही करते. ह्या नेणार असतील तर."

थोरल्या बाईंनी खण उघडून संमतिपत्र काढलं आणि पेनसकट पुढं सरकवलं. आईनं उभ्यानंच, एकेक अक्षर सावकाश काढत सही केली. ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. पदरानं पुसायचंही तिला सुचेना. तिला "थँक्यू" म्हणायचं होतं, "उपकार झाले" म्हणायचं होतं, तोंडून नुसताच हुंदका आला.

खजिनदार त्या कागदाकडं बघत होते. मग ते घुमीकडं वळले. "बाळ, तू सांग. त्या दिवशी घाबरली होतीस?"

घुमीनं मान हलवली. मग तेवढ्यानं भागणार नाही असं तिला वाटलं असावं. "हो," ती म्हणाली. "खूप."

"तरी परत ह्यांच्याबरोबर जाशील?"

घुमीनं आईकडं पाहिलं, ताईकडं पाहिलं. एवढ्या मोठ्या माणसांपुढं ती काय बोलणार, असंच सगळ्यांनी धरलं होतं. वर्षभरात तिनं संस्थेत कधी बॅट मागितली नव्हती, पाणी मागितलं नव्हतं, आपली पाळी आलीय हेही सांगितलं नव्हतं.

"जाईन," घुमी म्हणाली. आणि मग चांगलं खणखणीत, "पण मला खिडकी पाहिजे."

खजिनदारांना हसू फुटलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे पुसले आणि समोरच्या, ताईला कायम करायच्या ठरावावर सगळ्यांच्या आधी स्वतःची सही केली.